खनिजाच्या पैशातून आलेल्या मोटारी : डिचोली आणि मूळ अवस्थेचा प्रश्न

जुनी स्पोर्ट्‌स मोटार मूळ कारखानी अवस्थेत आणणे, म्हणजे ज्या दिवशी ती कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली त्या दिवशी तिचा रंग, बैठकीचे कातडे, विजेच्या तारा, बोल्ट आणि त्या बोल्टांवरचा मुलामा जसा होता तसाच पुन्हा सिद्ध करणे, हा उद्योग वरवर पाहता हौशी धनिकांचा वाटतो. परंतु या उद्योगाला पावलोपावली जे प्रश्न सोडवावे लागतात ते मुळात इतिहासकाराचेच असतात. वस्तूची मूळ अवस्था कोणती मानावी, ती कोणत्या पुराव्यावरून ठरवावी आणि मधल्या काळाने तिच्यावर जे संस्कार केले त्यांचे काय करावे, या प्रश्नांना इंग्लंड-अमेरिकेत जी उत्तरे मिळाली ती गोव्यात, विशेषतः डिचोलीसारख्या खाणपट्ट्यात, जशीच्या तशी लागू पडत नाहीत. पश्चिमेत जुनी मोटार बहुधा वापरातून बाद होऊन कोठारात पडून राहिली आणि म्हणूनच बिघडली, तर गोव्यातील मोटार दीर्घकाळ चालू ठेवली गेली आणि त्या चालू ठेवण्याच्या खटपटीतच तिचे मूळपण झिजत गेले, हा भेद लक्षात घेतल्याशिवाय येथील जुन्या गाड्यांचा इतिहास नीट मांडता येत नाही.

डिचोली महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात आला तो १७८१-८२ च्या सुमारास, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादींनंतर सुमारे अडीच शतकांनी. पेडणे, सत्तरी, फोंडे यांच्याबरोबर डिचोलीची गणना ‘नव्या काबिजादी’त होत असे, आणि या नव्या मुलखात रस्ते, शाळा, इस्पितळे यांच्याकडे सरकारचे लक्ष किनारपट्टीच्या तुलनेने पुष्कळ कमी राहिले. मातीच्या भांड्यांसाठी आणि पितळी समयांसाठी नावाजलेली ही बाजारपेठ घाटावरच्या आणि सावंतवाडीच्या व्यापाराशी जोडलेली होती, तरी तेथील वाहतूक बैलगाडी, होडी आणि माणसाचे डोके यांवरच दीर्घकाळ चालली. पुढे प्रवासी वाहतुकीसाठी लाकडी टपाच्या मोटारी आल्या, ज्यांना गोव्यात ‘कारेर’ किंवा ‘कामियांव’ म्हणत. खाजगी मोटार मात्र फार थोड्या घरांपुढे उभी असे.

ही स्थिती बदलली ती डोंगरांच्या पोटातील लोहखनिजामुळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खनिजाचे सवलतपट्टे दिले गेले असले, तरी प्रत्यक्ष निर्यातीने जोर धरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जेव्हा उद्ध्वस्त झालेल्या जपानला आपले पोलादी कारखाने पुन्हा चालवण्यासाठी कच्चा माल हवा होता. १९५१ मध्ये चौगुले उद्योगसमूह आणि कोकान मायनिंग ही जपानी कंपनी यांच्यात करार झाला, ज्यानुसार जपानने खाणीची यंत्रे उधारीवर द्यावीत आणि त्यांची किंमत खनिजाच्या रूपाने फेडून घ्यावी असे ठरले. युद्धोत्तर जपानने परदेशात साधनसंपत्तीच्या विकासासाठी केलेल्या पहिल्या व्यवहारांत या कराराची गणना होते, आणि ज्या खाणीसाठी तो झाला ती डिचोली महालातील शिरगावची, लईराई देवीच्या जत्रेमुळे सर्वांना ठाऊक असलेल्या गावातली, होती. १९५४ मध्ये इटालियन भांडवलावर ‘सेसा गोवा’ उभी राहिली आणि साखळी परिसरातील डोंगर तिच्या यंत्रांखाली आले. धेंपे समूहाच्या खाणीही याच पट्ट्यात चालू होत्या. खनिज ट्रकांनी सारमानससारख्या धक्क्यांवर येई, तेथून बार्जीत, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्यांत, भरून मांडवीवाटे मुरगावच्या जहाजांपर्यंत जाई. १९५० मध्ये एक लाख टनाच्या आत असलेली गोव्याची लोहखनिज निर्यात १९६१ पर्यंत साठ लाख टनांच्या पुढे गेली. अकरा वर्षांत झालेली ही वाढ ज्या प्रदेशाची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती त्याच्या बाजारपेठेत किती परकीय चलन ओतून गेली असेल, याची कल्पना सहज करता येते.

या चलनाचा मोठा भाग आयात मालावर खर्च झाला, आणि नेमक्या याच काळात शेजारच्या भारतात आयातीची दारे बंद होत होती, ही गोष्ट मोटारींच्या इतिहासात निर्णायक ठरते. भारत सरकारने १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून देशी उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी-कारखान्यांना आवरते घेण्यास भाग पाडले. १९२८ पासून मुंबईत शिवडीला मोटारींची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने आणि फोर्डनेही १९५४ च्या सुमारास काम थांबवले. त्यानंतर सामान्य भारतीय खरेदीदारापुढे उरल्या त्या कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची हिंदुस्तान, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. दोडामार्गच्या सीमेपलीकडे सावंतवाडीत जी गाडी स्वप्नातही मिळणे शक्य नव्हते, ती डिचोलीत पैसे मोजून मिळू शकत होती. ओपेल, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, फोर्ड टाउनस यांसारख्या जर्मन गाड्या, इंग्रजी ऑस्टिन आणि मॉरिस, आणि मोठ्या घरांत रुंद अमेरिकी शेव्हरोले, अशी सरमिसळ गोव्याच्या रस्त्यांवर दिसू लागली. १९५४-५५ पासून भारताने लादलेल्या आर्थिक नाकेबंदीने या ओघाला खीळ बसण्याऐवजी, सरहद्दीवरून येणारा भारतीय माल थांबल्यामुळे, गोवा समुद्रमार्गे युरोपशी अधिकच जखडला गेला. राजकीय कोंडीतून बाजारपेठेची अशी चैन निर्माण व्हावी, हा त्या काळचा एक विचित्र विरोधाभास होता. अर्थात ती चैन खाणमालकांची आणि त्यांच्या आसपासच्या वर्तुळाची होती, खनिजाच्या टोपल्या उचलणाऱ्यांची नव्हती.

येथे एक तांत्रिक बाब नोंदवणे आवश्यक आहे, कारण मूळ अवस्था ठरवताना तिला महत्त्व येते. पोर्तुगालने १ जून १९२८ रोजी वाहतूक डाव्या बाजूकडून उजव्या बाजूला वळवली, पण ज्या वसाहतींचे शेजारी डावीकडून गाडी हाकत होते, त्या म्हणजे गोवा, मकाव आणि मोझांबिक, त्यांना या बदलातून वगळले गेले. गोव्याची वाहतूक त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानाप्रमाणेच डावीकडून चालू राहिली आणि येथे सोयीची ठरणारी गाडी उजव्या हाताच्या सुकाणूची होती. जर्मन कारखान्यांत अशी गाडी निर्यातीसाठी वेगळी जुळवावी लागे. सुकाणूची पेटी, पेडलांची जोडणी, समोरची फळी, कधी दिव्यांच्या काचांची घडण हे सारे बदलत असे. म्हणून गोव्यात आलेल्या एखाद्या गाडीची तुलना स्टुटगार्टच्या संग्रहालयातील डाव्या सुकाणूच्या नमुन्याशी करून तिच्यात ‘फेरफार’ झाले आहेत असा निष्कर्ष काढला, तर तो चुकीचा ठरण्याचा संभव मोठा. तो फरक फेरफार नसून कारखान्यानेच घडवलेला असतो.

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे पोर्तुगीज सैन्याने माघार घेताना डिचोली, शापोरा आणि अस्नोडा येथील पूल उडवले, त्याच सकाळी भारतीय सैन्याची एक तुकडी दोडामार्गातून आत शिरली, आणि दुसऱ्या दिवशी साडेचार शतकांची सत्ता संपली. मोटारींच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ असा की भारतीय आयात-नियंत्रणाची चौकट गोव्यावर आली आणि युरोपातून सुट्या भागांचा जो सरळ पुरवठा होता तो आटला. गाड्या मात्र होत्या तेथेच राहिल्या, आणि त्या तुलनेने नव्या असल्यामुळे त्यांना मोडीत काढण्याचा प्रश्नच नव्हता. पोर्तुगीज काळात ऐषआरामाची खूण म्हणून आलेल्या मर्सिडीजच्या डिझेल गाड्या, विशेषतः १९५४ ते १९६२ या काळात तयार झालेल्या १८० डी या जातीच्या, पुढील दोन दशके गोव्यात टॅक्सी म्हणून धावल्या. परगावच्या प्रवाशाला मर्सिडीजमधून भाड्याने फिरण्याचे जे नवल वाटे, त्यामागे मुक्तीपूर्व आयातीचा हा इतिहास होता.

सुटे भाग मिळत नाहीत आणि गाडी तर चालली पाहिजे, या पेचातून येथील दुरुस्तीची परंपरा आकाराला आली, आणि डिचोलीत तिला खाणींचे पाठबळ मिळाले. खनिज वाहणारे टिपर, डोंगर फोडणारी यंत्रे आणि बार्जींची इंजिने यांची देखभाल करणारे फिटर, लेथवाले, वेल्डर आणि पत्र्याचे काम करणारे टिंकर या पट्ट्यात मोठ्या संख्येने होते. झिजलेल्या सिलिंडरला नवी बाही, म्हणजे स्लीव्ह, बसवून तो पुन्हा मापात आणणे, गनमेटलची झडप-मार्गिका लेथवर कातून घेणे, एका गाडीचा पिस्टन दुसरीच्या मापाला उतरवणे, फुटलेला ओतीव भाग पितळी डागाने जोडणे, ही कामे ज्या हातांनी टिपरवर केली त्याच हातांनी ती ओपेलवरही केली. याला अडाणी तडजोड म्हणणे अन्यायाचे होईल. त्या कारागिराला गाडी प्रदर्शनात उभी करायची नव्हती, उद्या सकाळी म्हापशाला न्यायची होती. त्याच्या कसोटीवर तो पुरेपूर उतरला. पण पन्नास वर्षांनी त्याच गाडीकडे मूळपणाच्या भिंगातून पाहणाऱ्याला त्याचे प्रत्येक कौशल्य दोष म्हणून नोंदवावे लागते.

मूळपणाचे हे भिंग घडले ते मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेत. ब्रिटनचा व्हेटरन कार क्लब १९३० मध्ये स्थापन झाला, कॅलिफोर्नियातील पेबल बीचची प्रसिद्ध स्पर्धा १९५० मध्ये सुरू झाली, आणि १९६६ मध्ये जुन्या वाहनांच्या संघटनांचा ‘फिवा’ हा आंतरराष्ट्रीय महासंघ अस्तित्वात आला. भारतात स्टेट्‌समन वृत्तपत्राने १९६४ पासून दिल्लीत जुन्या मोटारींची फेरी भरवली. आरंभी या स्पर्धांत चकचकीतपणालाच मान होता, परंतु शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्‌स मोटारीच्या भक्तांनी १९७४ मध्ये स्वतंत्र संस्था काढून जे निकष रूढ केले, त्यांनी शब्दशः कारखान्याचाच पाठपुरावा केला : रंगाचे ओघळ कारखान्यात राहत असतील तर ते राहू द्यावेत, तपासनिसाने खडूने केलेल्या खुणाही पुन्हा काढाव्यात, आणि मुळापेक्षा अधिक गुळगुळीत केलेल्या गाडीचे गुण कापावेत. इंजिनावरचा क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक यांचा कारखान्याच्या नोंदवहीशी मेळ बसणे, यालाच ‘जुळते क्रमांक’ म्हणतात. किमतीचा मोठा भाग त्यावर ठरतो.

या निकषांचे काठिण्य एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात तयार झालेली एमजी टीसी ही दोन आसनी खुली मोटार सर्वत्र स्पोर्ट्‌स मोटारीचा आदर्श मानली जाते. तिची संख्या सुमारे दहा हजार, साऱ्या उजव्या सुकाणूच्या. क्रमांकांची मालिका २५१ पासून सुरू होते, कारण कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक तोच होता. तिचा १२५० घनसेंटिमीटरचा इंजिन-ठोकळा मूळ फ्रेंच परंपरेतून आलेला असल्याने त्यातील पुष्कळ स्क्रूंचे आटे मेट्रिक मापाचे, पण त्यांची डोकी मात्र इंग्रजी कामगारांच्या व्हिटवर्थ पान्यात बसतील अशी. बाजारात मिळणारा कोणताही साधा मेट्रिक बोल्ट येथे आट्यात कदाचित बसेल, पण डोक्याच्या मापावरून परीक्षकाला तो परका असल्याचे लगेच कळते. विजेची यंत्रणा धन टोक जमिनीला जोडलेली. तारांवर कापडी विणीचे आवरण. रंग सेल्युलोजचा, जो पातळ थरांत देऊन हाताने घोटावा लागतो आणि आजच्या दोन घटकांच्या कडक रंगाहून निराळाच, मऊ झळाळीचा दिसतो. आणि सर्वांत नाजूक भाग असा की तिच्या अंगाचे पत्रे ‘अ‍ॅश’ या थंड प्रदेशातील वृक्षाच्या लाकडी चौकटीवर ठोकलेले असतात.

अशी चौकट डिचोलीच्या हवेत किती टिकेल, हा प्रश्न विचारावा लागत नाही. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि घाटाच्या दिशेने त्याहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतांशी चारच महिन्यांत. दमटपणाने लाकडाचे सांधे सुटतात, वाळवी उरलेले काम करते, आणि खिळ्यांभोवती पत्रा गंजून झिरझिरीत होतो. खाणपट्ट्यातली तांबडी धूळ दरवाजांच्या तळाशी, सांगाड्याच्या पोकळीत साचून ओलावा धरून ठेवते. अशा वेळी स्थानिक सुतार सागवान किंवा फणस वापरणार हे उघड आहे, आणि केवळ टिकाऊपणा पाहायचा तर त्याची निवड अ‍ॅबिंग्डनच्या सुतारापेक्षा सरस ठरते. परंतु मूळ कारखानी अवस्थेचा आग्रह धरला की वाळवीला न जुमानणारे सागवान काढून तिला प्रिय असलेले परदेशी लाकूड पुन्हा बसवावे लागते. जीर्णोद्धाराचे तत्त्व आणि वस्तूचे हित यांत असा उघड झगडा क्वचितच दिसतो.

दुसरा, अधिक गुंतागुंतीचा झगडा इंजिनांचा आहे. एमजी टीसीच्या पिढीनंतर आलेल्या एमजीए या स्पोर्ट्‌स मोटारीच्या १९५५ ते १९५९ दरम्यानच्या आवृत्तीत १४८९ घनसेंटिमीटरचे ‘बी-सिरीज’ इंजिन होते, आणि त्याच कुळातले, त्याच मापाचे इंजिन १९५९ पासून हिंदुस्तान अ‍ॅम्बेसेडरमध्ये बसू लागले. फरक होता तो कार्ब्युरेटर, दाबाचे प्रमाण आणि परिणामी शक्ती यांत. म्हणजे भारतात ज्या मोजक्या इंग्रजी स्पोर्ट्‌स मोटारी होत्या, त्यांना नात्यातलेच एक इंजिन भंगारबाजारात स्वस्तात उपलब्ध होते, आणि ते बसवल्यावर गाडी चालण्यात अडचण नसे. बहुतेक जर्मन गाड्यांना असे नातेवाईक देशात नव्हते, म्हणून त्यांच्या पोटात कधी पूर्णपणे परके डिझेल इंजिनही गेले. अशा गाडीची मूळ अवस्था सिद्ध करायची तर परदेशातून त्याच जातीचे इंजिन मागवावे लागते, पण त्यावरचा क्रमांक दुसऱ्याच गाडीचा असतो; म्हणजे एवढा खर्च करूनही क्रमांक जुळत नाहीत ते नाहीतच. क्रमांक घासून नवा ठोकण्याचा मार्ग या व्यवसायात अपरिचित नाही, आणि तो इतिहासलेखनातील बनावट ताम्रपटाच्या पंक्तीला बसवण्यास काहीच हरकत नाही.

या पेचावर जागतिक पातळीवर जो विचार झाला, त्याचे मूळ मोटारींत नव्हे तर इमारतींत आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या संवर्धनासाठी जे तत्त्व मांडले, की निरनिराळ्या काळांनी वास्तूवर घातलेली वैध भर जपली पाहिजे आणि केवळ शैलीचा एकजिनसीपणा हे जीर्णोद्धाराचे उद्दिष्ट असू नये, त्याच तत्त्वाचा आधार घेऊन फिवाने नंतर ट्युरिन सनद तयार केली आणि जुन्या वाहनालाही ऐतिहासिक दस्तऐवज मानले. या विचाराचे उदाहरण डिचोली तालुक्याला बाहेरून आणण्याची गरज नाही. नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडी बेटावर होते; पोर्तुगिजांनी ते देवालय पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला आले, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथे देवालयाचा जीर्णोद्धार केला. गोवा सरकारने अलीकडे त्याच देवालयाचे संवर्धन करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुले केले, तेव्हा दिवाडीचे कदंबकालीन देऊळ पुन्हा उभारावे असे कोणी म्हटले नाही. जपायची अवस्था ती १६६८ नंतरची, म्हणजे स्वतः एका जीर्णोद्धारातून जन्मलेली. मोटारीच्या बाबतीत हा न्याय लावायला संग्राहक सहसा तयार होत नाहीत, याचे कारण तत्त्वात कमी आणि लिलावाच्या किमतीत जास्त आहे. तरी पेबल बीचसारख्या स्पर्धेतही एकविसाव्या शतकाच्या आरंभी अस्पर्शित गाड्यांचा वेगळा वर्ग आला, हे लक्षणीय.

भारतीय कायद्याने मूळपणाची व्याख्या केली ती उशिरा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना, त्यांनी मूळ रूप टिकवले असेल आणि सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसेल तर, ‘विंटेज’ म्हणून नोंदता येऊ लागले. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. ज्या गोव्यात जुनी गाडी टिकली तीच मुळी रोजच्या आणि धंद्याच्या वापरामुळे, तेथे हा नियम किती उलट्या टोकाने येतो हे निराळे सांगायला नको. टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे धावलेली आणि दोनदा इंजिन बदललेली मर्सिडीज या व्याख्येत बसत नाही. एखाद्या वाड्याच्या पडवीत मालकाच्या मृत्यूनंतर तशीच राहिलेली बसते.

डिचोलीतील दुरुस्तीच्या परंपरेला धक्का बसला तो खाणींच्या बंदीने. २०१२ मध्ये खाणकाम थांबले, मध्ये काही काळ चालू होऊन मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पुन्हा बंद पडले, आणि लिलावानंतर डिचोलीच्या पट्ट्याचे काम २०२४ मध्ये नव्याने सुरू झाले. मधल्या काळात टिपर ओळीने उभे राहिले, पुष्कळसे भंगारात गेले, आणि ज्या गॅरेजांचा संसार त्यांच्यावर चालत होता तेथील लेथवाले व टिंकर इतर कामांकडे वळले. जुन्या मोटारीच्या जीर्णोद्धारासाठी जे कौशल्य आज पुण्या-मुंबईच्या कार्यशाळांत मोठी किंमत देऊन शोधले जाते, त्याचा एक साठा या बंदीत विखुरला.

उरतो तो कागदपत्रांचा पुरावा, आणि गोव्यात तोही सरळ नाही. इंग्लंड-जर्मनीतील अनेक कारखान्यांच्या वारसा-विभागांकडून सांगाड्याच्या क्रमांकावरून गाडी तयार झाल्याची तारीख, मूळ रंग, आतील कातड्याचा रंग आणि ती कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाली याचे प्रमाणपत्र मिळू शकते. गोव्याच्या गाडीला त्याखेरीज पोर्तुगीज काळातील नोंदणीची, मुक्तीनंतर गोवा-दमण-दीवसाठी सुरू झालेल्या ‘जीडी’ मालिकेची, आणि कधी १९८७ मध्ये गोवा घटक राज्य झाल्यानंतर आलेल्या ‘जीए’ मालिकेची, ज्यात डिचोलीचा संकेत ०४ आहे, अशी एकावर एक चढलेली कागदांची पुटे असतात. २०२१ च्या नियमांनी पूर्वी नोंदलेल्या विंटेज गाडीला तिचा मूळ नोंदणी क्रमांक ठेवण्याची मुभा दिली आहे आणि केवळ नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका नेमली आहे. मात्र १९५८ साली मुरगावला उतरलेल्या गाडीच्या संदर्भात कायदा ज्याला मूळ क्रमांक म्हणतो तो बहुधा ‘जीडी’ मालिकेतील, म्हणजे तिला मिळालेला दुसरा क्रमांक असतो, आणि पहिला शोधायचा झाला तर परिवहन कार्यालयाऐवजी पोर्तुगीज भाषेतील जुन्या दप्तरांकडे जावे लागते.